नियम बदलले, बैठक ठेवली

आमच्या शाळेच्या स्थापनेचा मसुदा जेमतेम दोन पानांचा आहे. टंकयंत्रावर उतरवलेला, समासात शाईने दुरुस्त्या केलेला. मुलांना मारायचं नाही. नंबर लावायचे नाहीत. मुलांबद्दलच्या निर्णयात मुलांना विचारायचं. हातांना काम द्यायचं. फी न परवडणाऱ्या घरातलं मूल वर्गात वेगळं ओळखू येता कामा नये. बस्स, एवढंच. मी इथे शिकवायला लागले तेव्हा हा कागद काढून वाचायची वेळ कुणावर येत नसे, कारण तो लिहिणाऱ्यांपैकी दोघी-तिघी रोज शाळेत असायच्या. काही अडलं की त्यांना विचारायचं आणि पुढे जायचं.

त्या एकेक करून निवृत्त झाल्या आणि प्रश्न मात्र वाढत गेले. पालकांना गुण हवे होते. मोठ्या मुलांच्या खिशात फोन आले होते. प्रगतिपत्रकांसाठी संगणकप्रणाली घ्या, असा आग्रह सुरू झाला. नवे शिक्षक साध्या, चाकोरीतल्या शाळांमधून येत होते आणि आमच्या प्रत्येक रीतीला ‘असं का?’ म्हणून विचारत होते. जुने शिक्षक ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणत होते. हे उत्तर एखाद्या प्रयोगशील शाळेत रुळायला लागलं की काळजी करावी, असं मला वाटतं. अखेर विश्वस्तांनी ठरवलं की शाळेच्या सगळ्या रीती एकदा मुळापासून तपासायच्या. त्यासाठी शिक्षक, पालक, दोन माजी विद्यार्थी आणि वरच्या वर्गातली काही मुलं असा गट केला. त्यात मी होते.

पहिल्या काही बैठका वाया गेल्यासारख्या वाटल्या. माजी विद्यार्थी म्हणायचे, काही बदलू नका. काही पालक म्हणायचे, जगाबरोबर चला. दोन्ही बाजूंचं शाळेवर मनापासून प्रेम होतं, त्यामुळे वाद आणखीच अवघड व्हायचा. कोंडी फोडली ती संस्थापकांपैकी एका मोठ्या ताईंनी. आम्ही त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही आमच्या नक्की कुठल्या वर्षाची शाळा जपताय? आम्ही तर दर वर्षी काहीतरी मोडून नवं करत होतो.” मग त्यांनी जुनी इतिवृत्तं काढायला सांगितली.

ती इतिवृत्तं वाचणं हा या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग ठरला. हातमागाचंच घ्या. आमच्या शाळेच्या बोधचिन्हावर हातमाग आहे. विणकाम प्रत्येक मुलाला सक्तीचं होतं आणि ते शाळेचं मूल्यच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. इतिवृत्तात मात्र सापडलं ते असं: मुलांना हाताने काहीतरी खरं, वापरता येईल असं करायला द्यायचं होतं. काय द्यावं यावर बरेच दिवस चर्चा झाली. जवळ राहणारे एक विणकर शिकवायला तयार झाले, म्हणून माग आणला. सुतार तयार झाले असते तर बोधचिन्हावर रंधा असता.

हे कळल्यावर माग काढून टाकायचा, असं अर्थातच कुणी म्हटलं नाही. पण विणकामाच्या तासाला मुलं काय करतात, ते आम्ही चार वेगवेगळ्या दिवशी बसून पाहिलं. निम्मी मुलं वीतभर पट्टी विणून दप्तरात कोंबत होती. ती पट्टी कुणाच्याच उपयोगाची नव्हती. ज्या मुलांना त्यात गोडी होती त्यांची बोटं सुंदर चालत होती, ती गोष्ट वेगळी. आता माग आहे, पण निवडीचा आहे. त्याच्या जोडीला दुरुस्तीची कार्यशाळा सुरू केली. बंद पडलेले पंखे, सायकली, शाळेतली मोडकी बाकं, फाटलेली पुस्तकं तिथे येतात आणि मुलं ती खोलून, शिकून, जमेल तशी नीट करतात. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणं हेही ‘हातांचं काम’ धरावं का, यावर अजून एकमत झालेलं नाही. माझ्या मते धरू नये. ते शिकवावं, जरूर शिकवावं, पण लाकूड चुकीचं कापलं गेलं की ते जोडता येत नाही, हा अनुभव पडद्यावर मिळत नाही.

या काळात आम्ही इतरांचाही इतिहास वाचत होतो. सगळ्यांत जवळचा वाटला तो ताराबाई मोडकांचा. मॉन्टेसोरी पद्धतीच्या त्या मोठ्या अभ्यासक. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मॉन्टेसोरींची ठरीव साधनं महाग होती, गावाला परवडण्यासारखी नव्हती. मग बिया, शिंपले, पानं, खडे यांतून साधनं तयार झाली. काही मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येऊ शकत नसत, तर शिक्षकच कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. मुलाने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकावं, हे मॉन्टेसोरींकडून घेतलेलं तत्त्व जसंच्या तसं राहिलं. लाकडी ठोकळे, इमारत, घंटा यांतलं काहीच त्यासाठी अत्यावश्यक ठरलं नाही. आमच्या गटात हा दाखला इतक्यांदा निघाला की कुठल्याही रीतीवर वाद झाला की कुणीतरी विचारायचं, “हे ठोकळे आहेत की तत्त्व?”

प्रगतिपत्रकाच्या वेळी या प्रश्नाचा कस लागला. आमच्याकडे पहिल्यापासून गुण नाहीत. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षक वर्षातून दोनदा पान-दीड पान लिहितात. पालकांची तक्रार होती की त्यावरून मूल नक्की कुठे आहे ते समजत नाही. शिक्षकांची तक्रार होती की लिहायला रात्री पुरत नाहीत. संगणकप्रणालीत तयार वाक्यं होती, निवडली की पत्रक तयार. पुढे तर चार टिपणं दिली की पूर्ण परिच्छेद लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही हाताशी आली.

आम्ही एक प्रयोग केला. एकाच मुलीची दोन पत्रकं समोर ठेवली. प्रणालीतून आलेल्या पत्रकात होतं: ‘गणितातील मूलभूत संकल्पना समजतात. अधिक सरावाची आवश्यकता आहे.’ तिच्या शिक्षिकेने हाताने लिहिलेल्या पत्रकात होतं: ‘उत्तर चुकलं की ही आधी पूर्ण पान खोडून टाकायची. दिवाळीनंतर ती चुकीचं उत्तर तसंच ठेवते, शेजारी रेघ मारून दुसरी रीत करून बघते आणि दोन्हींची तुलना करायला मला बोलावते. भागाकारात शून्य आलं की अजून अडते.’ पहिलं वाक्य वर्गातल्या कुठल्याही मुलाबद्दल चाललं असतं. दुसरं त्या एकाच मुलीचं होतं. विशेष म्हणजे गुणांसाठी आग्रह धरणारे पालकही दुसरं पत्रक वाचून थबकले. त्यांना हवं होतं ते त्यात होतंच: काय येतं, काय येत नाही, आता काय करायचं. आमची बरीचशी जुनी पत्रकं मात्र ‘आनंदी, संवेदनशील मूल’ अशा गोड वाक्यांनी भरलेली असत. पालकांची तक्रार त्यांच्याबद्दल होती, आणि ती रास्त होती.

शेवटी ठरलं ते असं. पत्रक हाताने लिहा, टंकित करा, बोलून उतरवून घ्या, काहीही चालेल. पण प्रत्येक विषयाखाली शिक्षकाने स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट हवी, आणि मूल पुढे कुठे अडतंय ते स्पष्ट शब्दांत हवं. तयार वाक्यं चालणार नाहीत, ती माणसाने तयार केलेली असोत की यंत्राने. शुद्धलेखन तपासायला यंत्र वापरायला कुणाचीच हरकत नाही.

फोनचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. शाळेत फोन आणायचा नाही, असा नियम मोठ्यांनी घाईघाईत करून टाकला होता. गटातल्या मुलांनी पहिल्याच चर्चेत बोट ठेवलं ते यावर: मुलांबद्दलच्या निर्णयात मुलांना विचारायचं, असं कागदात लिहिलंय, मग हा नियम सभेत का आला नाही? आमच्याकडे मुलांची साप्ताहिक सभा आहे, भांडणं, नियम, सहली सगळं तिथे ठरतं. मग फोनचा विषय सभेत गेला. मोठ्यांना भीती होती की मुलं बंदी उठवतील. तसं काही झालं नाही. बंदी बहुमताने कायम राहिली. पण नववीतल्या एका मुलीने जो मुद्दा मांडला तो आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. ती म्हणाली, “फोन घरी ठेवून काय होतं? भांडण रात्री फोनवरच्या गटात होतं आणि सकाळी आमच्याबरोबर वर्गात येतं. पण सभेत ते आणता येत नाही, कारण ते शाळेबाहेर झालंय.”

सभेचा जुना नियम होता की फक्त शाळेच्या आवारात घडलेल्या गोष्टी मांडायच्या. त्यामागचा विचार चांगला होता, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर येऊ नयेत. पण आवाराला आता भिंती राहिलेल्या नाहीत. बऱ्याच चर्चेनंतर मुलांनीच नवी रीत बसवली: शाळेतल्या मुलांमधलं भांडण कुठेही झालेलं असो, ते मांडता येईल, मात्र आधी संबंधित मुलं, त्यांनी निवडलेले दोन सोबती आणि एक शिक्षक अशा लहान बैठकीत. तिथे सुटलं नाही आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल तरच मोठ्या सभेत. भांडणाचा स्क्रीनशॉट सभेत फिरवायचा नाही, हेही त्यांनीच घातलं. मला या नियमांचा फार अभिमान वाटतो. संस्थापकांनी असा नियम केलाच नसता, त्यांना करायचं कारणच नव्हतं, पण त्यांच्या कागदातल्या तिसऱ्या वाक्यातून तो सरळ निघतो.

एका बाबतीत मात्र नवा काळच संस्थापकांच्या पुढे होता, हे स्वच्छ म्हटलं पाहिजे. आमची शाळा ताई-दादांची. मूल शिक्षकाच्या घरी जाणार, शिक्षक मुलाला एकट्याला घेऊन फिरायला जाणार, यात कुणाला वावगं वाटत नसे. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आले तेव्हा जुन्या मंडळींना तो स्वतःवरचा अविश्वास वाटला. दार उघडं ठेवून बोलायचं, एकट्या मुलाबरोबर सहलीला जायचं नाही, तक्रार ऐकायला शाळेबाहेरची एक व्यक्ती नेमायची, हे सगळं त्यांना कोरडं, सरकारी वाटत होतं. मी त्या चर्चेत फार ठामपणे बोलले आणि आजही बोलेन. मुलाचा सन्मान हे आपलं पहिलं तत्त्व असेल तर मोठ्या माणसाविरुद्ध बोलायची सुरक्षित वाट मुलाकडे असलीच पाहिजे. जिथे सगळे एकमेकांना घरचे मानतात तिथे ती वाट जास्त लागते, कारण घरच्या माणसाविरुद्ध बोलणं मुलाला सर्वांत जड जातं. जिव्हाळा त्यामुळे आटला नाही. मुलं अजूनही ताईच्या गळ्यात पडतात, सगळ्यांसमोर.

शालान्त परीक्षेवर आम्ही फार वेळ घालवला नाही. ती द्यावीच लागते. शेवटच्या दोन वर्षांत मुलांना सरळ सांगतो की ही एक ठरावीक रीतीची परीक्षा आहे, तिची तयारी अशी करतात, आणि मग ती तयारी चोख करून घेतो. खालच्या वर्गांत तिची सावली पडू देत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. बुधवारी दुपारी मुलं लवकर घरी जातात आणि सगळे शिक्षक दोन तास एकत्र बसतात. सूचना, परिपत्रकं, कार्यक्रमांचं नियोजन यांना त्या बैठकीत बंदी आहे. एका बुधवारी एक मूल. त्याला शिकवणारे सगळे आपापल्या नोंदी आणतात. चित्रांचे दादा म्हणतात, हा रंग भरताना तासभर हलत नाही. भाषेच्या ताई म्हणतात, माझ्या तासाला दहा मिनिटं बसत नाही. मग एकजण उद्या चित्रांच्या तासाला जाऊन बसायचं ठरवतो. एवढंच चालतं, आणि वर्षानुवर्षं चालत आलंय.

आढाव्यात सगळ्यांत आधी कात्री लागणार होती ती या बैठकीला. कारणं खोटी नव्हती. दोघंही नोकरी करणाऱ्या आईवडिलांना आठवड्याच्या मधल्या दिवशी लवकर घरी येणारं मूल सांभाळणं खरोखर कठीण जातं. शिकवण्याचे तास मोजले जातात. शिवाय स्थापनेच्या दोन पानांत या बैठकीचा उल्लेखही नाही, मग ते मूल्य कसं, असा प्रश्न आला. कुणीतरी सुचवलं की नोंदी संगणकावर एकत्र टाका, ज्याला हव्या त्याने वाचाव्यात.

मी या प्रस्तावाच्या पूर्ण विरोधात होते. पत्रकात लिहायला ‘स्वतः पाहिलेली गोष्ट’ कुठून येते? या बैठकीतून येते, कारण दर आठवड्याला इतरांसमोर बोलायचंय म्हटल्यावर माणूस मुलाकडे नीट बघायला शिकतो. नवा शिक्षक आमच्या पद्धतीत कसा मुरतो? मूल्यांवरच्या भाषणाने नाही मुरत, या बैठकीत सहा महिने बसून मुरतो. मारायचं नाही हे तत्त्व कागदावर सोपं आहे, पण वर्ग उधळून लावणाऱ्या मुलापुढे एकटा पडलेला शिक्षक शेवटी ओरडतोच. बुधवारी तो ते बोलू शकला तर पुढच्या आठवड्यात त्याच्या मदतीला कुणीतरी येतं. म्हणून मला वाटतं, संस्थापकांना ही बैठक लिहून ठेवायची गरजच पडली नाही. त्या स्वतः रोज त्याच खोलीत बसून बोलत होत्या.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे आधार होते. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात पालिकेची पहिली बालशाळा १९६३ साली सुरू झाली आणि तिथली पद्धत पुढे जगभर पोचली. मुलांच्या कामाच्या नोंदींसाठी त्या शाळा ओळखल्या जातात. त्यांच्याबद्दल वाचताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो तिथल्या शिक्षकांच्या वेळाचा हिशेब: आठवड्याच्या ३६ तासांपैकी ३० तास मुलांबरोबर आणि उरलेले बैठका, नोंदी आणि पालकांसाठी. हा वेळ पगाराच्या वेळेतच धरलेला. शिकागोत शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेतही शिक्षक नियमित अहवाल लिहीत आणि एकत्र बसून चर्चा करीत. ज्या शाळांची नावं आपण आदराने घेतो तिथे शिक्षकांना विचार करायला वेळ दिलेला दिसतो. तो वेळ काढून घेतला की बाकीचं सगळं, गुण नसणं, सभा, कार्यशाळा, नुसती रीत म्हणून उरतं.

तरी पालकांची अडचण खरी होती आणि ‘आमचं तत्त्व आहे, तुम्ही सोसा’ असं त्यांना म्हणणं मला पटण्यासारखं नव्हतं. मार्ग निघायला वेळ लागला. आता बुधवारी ज्या मुलांना घरी जाता येत नाही ती शाळेतच थांबतात. दुरुस्तीची कार्यशाळा मुद्दाम त्याच दुपारी ठेवली आहे. आळीपाळीने काही पालक आणि माजी विद्यार्थी ती चालवतात, वरच्या वर्गातली मुलं लहानांना सांभाळतात. शिक्षकांपैकी एक दर आठवड्याला बैठक सोडून त्यांच्याबरोबर असतो, ती किंमत आम्ही मोजतो. बैठक ठेवावी की नाही यावर मतदान झालं तेव्हा सुरुवातीला विरोध करणाऱ्या पालकांपैकी बरेचजण बाजूने उभे राहिले. त्यांच्यापैकी काहींना आम्ही आधी त्यांच्याच मुलावरच्या बैठकीला येऊन बसायला सांगितलं होतं.

नवा मसुदा तयार झाला आहे. जुनी दोन पानं त्यात जशीच्या तशी आहेत, एकही शब्द बदललेला नाही. त्यांच्यामागे आजच्या रीतींची यादी आहे आणि प्रत्येक रीतीपुढे ती का ठेवली याचं कारण आणि ती पुन्हा कधी तपासायची ते वर्ष लिहिलं आहे. मोठ्या ताईंचा हट्ट होता की कारण लिहिल्याशिवाय कुठलीही रीत नोंदवायची नाही. बुधवारची बैठक आता लिहून ठेवली आहे.

येत्या वर्षी सभेतल्या मताच्या वयाचा मुद्दा पुन्हा येतोय. आमच्याकडे पहिली-दुसरीची मुलं सभेला बसतात, पण त्यांना मत नाही. इंग्लंडमधल्या समरहिल या शाळेत सर्वांत लहान मुलाचं आणि मुख्याध्यापकाचं मत सारखंच मोजतात. १९९९ च्या सरकारी तपासणीनंतर ती शाळा अडचणीत आली, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, आणि २००० साली तडजोड समोर आली तेव्हा ती मान्य करायची की नाही हे तिथल्या मुलांनी न्यायालयातच सभा भरवून ठरवलं. आमच्यातले काहीजण म्हणतात, सहा वर्षांचं मूल मोठ्या भावाकडे बघून हात वर करेल. करेलही. मोठी माणसंही करतात. मी लहानांना मत द्यावं या बाजूने बोलणार आहे, आणि त्याआधी पहिलीच्या वर्गात बसून ती मुलं आपापसात गोष्टी कशा ठरवतात ते लिहून काढते आहे.